पाव मोठा की अर्धा

"चौपन्न," मुजावर मॅडम म्हणाल्या. "चाळीस मिनिटांच्या तासात तुम्ही चौपन्न प्रश्न विचारलेत, सर. त्यातल्या सत्तेचाळिसांची उत्तरं तुम्हीच देऊन टाकलीत."

मुख्याध्यापिका वाघचौरे बाईंच्या खोलीत आम्ही तिघं बसलो होतो. टेबलावर मॅडमचा लॅपटॉप उघडा होता आणि लॅपटॉपमध्ये मी होतो. फळ्यापुढं येरझाऱ्या घालणारा, खडूचे हात पँटला पुसणारा, पोरानं तोंड उघडायच्या आत पुढचं वाक्य बोलून मोकळा होणारा. आवाज तर माझा मलाच ओळखू येईना. बाजारात लिलाव पुकारतात तसा.

"बंद करा ते," मी म्हणालो.

"अजून अकरा मिनिटं आहेत."

"माझा तास मला बघायची गरज नाही. बावीस वर्षं घेतोय."

"म्हणूनच बघायला हवा."

वाघचौरे बाई उगाचच टेबलावरच्या फायली सारख्या करू लागल्या. त्यांना माझा स्वभाव माहीत होता. मी उठलो, खुर्ची मुद्दाम आवाज होईल अशी मागं सारली आणि बाहेर पडलो. मागून मॅडमचा आवाज आला, "उद्याचा पाठ आपल्याला दोघांना मिळून ठरवायचाय, सर."

"तुम्ही ठरवा," मी वळूनही पाहिलं नाही. "मी आहे सांगकाम्या."

ही चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. बालाघाटाच्या डोंगराकडेच्या एका गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत मी पाचवीला शिकवत होतो. गावाचं नाव सांगत नाही. माझं सांगतो, निवृत्ती लोमटे. का सांगतो ते पुढं कळेल.

शबाना मुजावर तेव्हा तिशीच्या असतील. कोल्हापूरकडच्या, शिक्षकाचीच मुलगी. पुण्यातल्या एका संस्थेत शिक्षणावर पीएच.डी. करत होत्या. पोरांना अपूर्णांक का समजत नाहीत, हा त्यांचा विषय. पण त्यांची रीत न्यारी होती. आधी येऊन गेलेली मंडळी चाचणी घ्यायची, मार्क लिहून न्यायची आणि गाडीत बसून जायची. या बाई म्हणाल्या, पाठ आधी तयार करायचा, खऱ्या वर्गात शिकवायचा, पोरं कुठं अडतात ते कॅमेऱ्यात धरायचं. शाळा सुटली की शिक्षकानं आणि त्यांनी मिळून ते बघायचं, पाठ दुरुस्त करायचा आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलेला शिकवायचा. परत अडला, परत दुरुस्ती. असे बारा दिवस. शेवटी जो पाठ टिकेल तो पुढच्या वर्षी चाळीस शाळांत जाणार.

"शिकवणार तुम्ही, बघणार मी, बदलणार दोघं," पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या.

ऐकायला गोड वाटतं. पण मी हे गोड बोलणं आधी एकदा ऐकलं होतं. सहा वर्षांपूर्वी असाच एक प्रकल्प आला होता. त्या लोकांना मी माझी वही दिली होती. आठवडी बाजारात उभं राहून, दुधाच्या डेअरीवर बसून, पोरांच्या आयांना विचारून केलेली तीनशे-साडेतीनशे उदाहरणं होती तिच्यात. दहा वर्षांची कमाई. दीड वर्षानं एक रंगीत पुस्तिका शाळेत आली. उदाहरणं माझीच, काही ठिकाणी तर पोरांची नावंसुद्धा मी घातलेली तीच. आतल्या पानावर अकरा जणांची नावं होती. त्यात लोमटे नव्हता.

त्या वहीत एक गोष्ट मात्र मी लिहिलेली नव्हती. ती डोक्यात होती, म्हणून वाचली. तेव्हाच ठरवलं, पोरांना देईन, पण बाहेरून आलेल्या माणसाला ही देणार नाही.

मॅडमचा पाठ वाईट नव्हता. रंगीत कागदाच्या पट्ट्या होत्या. एक अख्खी पट्टी, तिचे दोन भाग, चार भाग, आठ भाग. पोरं पट्ट्यांवर तुटून पडली. अर्ध्याचा तुकडा कोणता, चौथा हिस्सा कोणता, पटापट दाखवायची. चौथ्या दिवशी मॅडम पहिल्यांदा हसताना दिसल्या.

पाचव्या दिवशी पट्ट्या काढून घेतल्या आणि फळ्यावर आकडे आले. एक छेद दोन आणि एक छेद चार. यातला मोठा कोणता? चौतीस पोरांपैकी एकोणतिसांनी एक छेद चारला गोल केला. का? तर चार मोठा.

त्या संध्याकाळी मॅडम वर्गात फरशीवर बसून पाट्या पुन्हा पुन्हा चाळत होत्या. मी सायकलला पिशवी अडकवत होतो.

"सर, पट्टीवर तर बरोबर दाखवतात. मग आकडा आला की काय होतं?"

"काय की."

"तुम्ही बावीस वर्षं शिकवताय. तुम्हाला काहीतरी वाटत असेलच."

"मला वाटून काय उपयोग? संशोधन तुमचं. शोधा."

खोटं बोललो. मला माहीत होतं. पक्कं माहीत होतं.

आमची पोरं घरून पाव आणतात, अर्धा आणतात, पाऊण आणि सव्वा आणतात. पाव लिटर दूध, अर्धा किलो गूळ. हे शब्द त्यांच्या जिभेवर शाळेत यायच्या आधीपासून असतात. फळ्यावरचं 'एक छेद चार' हे मात्र त्यांना कुठल्यातरी तिसऱ्याच मुलखातलं वाटतं. दोन आकडे, मध्ये रेघ. ते आणि घरचा पाव एकच आहेत, हे त्यांना कुणी सांगतच नाही. मी काय करायचो, डेअरीवरून मापं मागून आणायचो. लिटरचं भांडं पाव लिटरच्या मापानं भरायला लावायचो. किती मापं लागली? चार. मग खाली चार लिही. अर्ध्यानं भर. किती लागली? दोन. खाली दोन लिही. खालचा आकडा म्हणजे भरायला किती लागतात. जितकी जास्त लागतात, तितकं माप लहान. एवढं एकदा पोराच्या हातानं झालं की ते जन्मात चुकत नाही. माझ्या आधीच्या वर्गांना मी हे असंच शिकवलं होतं. त्या वर्षी अपूर्णांकाचा धडा मॅडमच्या ताब्यात होता, आणि मी तोंडाला कुलूप घातलं होतं.

सहाव्या दिवशी त्यांनी पट्ट्यांवर आकडे चिकटवले. सातव्या दिवशी वर्गात सुतळी बांधून तिच्यावर आकड्यांच्या चिठ्ठ्या टांगल्या. दोन्ही वेळा पोरं तिथंच अडली. रोज संध्याकाळी त्या मला विचारायच्या आणि रोज मी तेच उत्तर द्यायचो. खरं सांगायचं तर मला मजा येत होती. आठव्या दिवसापर्यंत त्यांचे डोळे खोल गेले होते, बोलणं तुटक झालं होतं, आणि मी घरी जाऊन दोन भाकरी जास्त खात होतो.

आठव्या दिवशी त्यांनी एकेका पोराला वेगळं बसवून विचारायचं ठरवलं. नियम असा की वर्गशिक्षकानं जवळ बसायचं. करुणा देवकते म्हणून एक पोरगी होती. धनगराची, बारीक चणीची, वर्गात फारसं न बोलणारी. तिची आई रोज सकाळी गावातल्या हॉटेलांना शेळीचं दूध घालायची, आणि मापून द्यायला ही सोबत असायची.

मॅडमनी दोन चिठ्ठ्या तिच्यापुढं ठेवल्या. "यातलं मोठं कोणतं, करुणा?"

तिनं एक छेद चारवर बोट ठेवलं.

"का बरं?"

"चार मोठा हाय."

"बरं. पट्टीवर दाखव."

पट्टीवर तिनं बरोबर दाखवलं. अर्ध्याची पट्टी मोठी.

"मग आता सांग, मोठं कोणतं?"

पोरगी एकदा पट्टीकडं, एकदा चिठ्ठ्यांकडं बघू लागली. मॅडमनी पुन्हा विचारलं, पुन्हा विचारलं. आवाज मऊ होता, पण प्रश्न तोच. कॅमेऱ्याचा लाल दिवा चालू. सहाव्यांदा विचारल्यावर करुणानं मान वर केली आणि माझ्याकडं पाहिलं. रडत नव्हती. नुसती बघत होती. 'करुणा, पाव मोठा की अर्धा?' एवढे पाचच शब्द मी बोलायला हवे होते. जी पोरगी रोज सकाळी पाव आणि अर्धा मापत होती, तिनं झोपेतसुद्धा उत्तर दिलं असतं.

मी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर वाघचौरे बाई पोषण आहाराच्या तांदळाचं पोतं उतरवून घेत होत्या. मी ते पोतं बघत बसलो.

"जा तू," शेवटी मॅडम म्हणाल्या. करुणा उठून गेली. दप्तर वर्गातच विसरली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशी आली. तो दहावा दिवस. मॅडमनी पाठ परत बदलला होता, मी त्यांनी लिहून दिलेलं वाचल्यासारखं शिकवत होतो. फळ्यावर तेच दोन आकडे. मी विचारलं, मोठा कोणता? नेहमीप्रमाणं पोरं ओरडली, "एक छेद चार!"

"न्हाई."

मागच्या ओळीत करुणा उभी होती. हातात एक जुनी वही, पुठ्ठा निघालेली.

"एक छेद दोन मोठा हाय. खालचा आकडा म्हंजी भराया किती लागत्यात. पावाला चार लागत्यात, अर्ध्याला दोन. मग पाव ल्हानच की."

कॅमेऱ्यामागून मॅडम पुढं आल्या. त्यांचा चेहरा उजळला होता.

"हे तुला कुणी सांगितलं, करुणा?"

"दादाच्या वहीत हाय. बिरूदादाच्या." तिनं वही वर धरली. मग मॅडमकडं बघायचं सोडून ती माझ्याकडं वळली. "गुरुजी, त्यांच्या वर्गाला तुमी शिकवलंय हे. दादा म्हनला, डेअरीची मापं आनली हुती तुमी. आमाला का न्हाई शिकवलं?"

बावीस वर्षांत मला पोरांनी हजार प्रश्न विचारले असतील. असा एकही नव्हता. आणि मी काय केलं? मी खेकसलो, "शहाणपणा पुरे. बस खाली."

ती बसली. वही मिटून मांडीवर ठेवली. मॅडम कॅमेऱ्यापाशी परत गेल्या. तास संपेपर्यंत त्यांनी माझ्याकडं एकदाही पाहिलं नाही.

शाळा सुटल्यावर पोरं पांगली आणि त्या वर्गाच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. मला बाहेर जायला वाट ठेवली नाही.

"किती वर्षांपासून माहीत होतं?"

"पंधरा."

"मी तुम्हाला रोज विचारत होते."

"मी तुमचा नोकर नाही."

"रोज, सर! मी रात्र-रात्र डोकं फोडत होते, आणि तुम्ही समोर बसून गंमत बघत होतात."

"बघत होतो," मी म्हणालो. आता लपवायचं काय होतं? "मागं माझी वही नेली तुमच्या लोकांनी. दहा वर्षांची मेहनत. अकरा नावं छापली, माझं नाही. तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"मी कॉलेजात होते," त्या म्हणाल्या. "त्या अकरांत मी नव्हते, सर. आणि ही चौतीस पोरंही नव्हती. तुमचं भांडण माझ्याशी असेल, तर माझ्या तोंडावर भांडायचं. त्या पोरीला मी सहा वेळा विचारलं. सहा वेळा! तिला मूर्ख ठरवलं मी कॅमेऱ्यासमोर. ती माझी चूक, ती मी निस्तरेन. पण तुम्ही दोन हात अंतरावर बसून तांदळाचं पोतं बघत होतात. आहे ते रेकॉर्डिंगमध्ये. तुमची मानसुद्धा दिसते वळलेली."

त्यांनी खांद्यावरची पिशवी सावरली.

"माझ्या कामात जे घडलं ते सगळं लिहावं लागतं. पाठ कुठं फसला, का फसला. शिक्षकाला कारण माहीत होतं आणि त्यानं ते सांगितलं नाही, हे मी लिहिणार. मापांची रीत कुणाची, तेही लिहिणार. साधारणपणे आम्ही कुणाचं नाव घालत नाही, 'एक शिक्षक' म्हणतो. तुम्हाला नाव हवं असेल तर घालेन. पण दोन्ही ठिकाणी घालेन. एकाच ठिकाणी नाही. उद्या मधल्या सुट्टीत सांगा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वाघचौरे बाईंनी मला गाठलं. त्या वर्षी जिल्ह्याच्या शिक्षक पुरस्कारासाठी माझा प्रस्ताव त्यांनीच पाठवला होता.

"गुरुजी, हट्ट करू नका," त्या म्हणाल्या. "'एक शिक्षक' म्हणू द्या. कुणाला कळणारही नाही. पुरस्कार गेला तर परत नाही मिळायचा. दोन वर्षांनी तुमचं वय नियमात बसणार नाही."

"आणि मापांची रीत?"

"ती तर पोरांसाठीच आहे ना? नाव नसलं म्हणून काय झालं?"

बरोबर होतं त्यांचं. मधल्या सुट्टीत मी मैदानाला दोन फेऱ्या मारल्या. पोरं खिचडीच्या रांगेत उभी होती. करुणा रांगेत शेवटी होती आणि तिनं मला पाहून न पाहिल्यासारखं केलं. पोरं गुरुजींना बघून लपतात, पळतात, नमस्कार करतात. न पाहिल्यासारखं मोठी माणसं करतात.

मॅडम वर्गात कॅमेऱ्याची तिपाई लावत होत्या.

"दोन्ही ठिकाणी घाला," मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली. "नक्की?"

"निवृत्ती ज्ञानोबा लोमटे. स्पेलिंग नीट लिहा."

यात माझा मोठेपणा होता असं कुणी समजू नये. दुसऱ्यांदा माझं काम बिनानावाचं जाताना मला बघवणार नव्हतं, एवढंच. त्यासाठी शिव्या खायची तयारी होती. प्रामाणिकपणा वगैरे त्या वेळी माझ्या डोक्यातही नव्हता.

पुढं काय झालं ते सांगून टाकतो. दोन वर्षांनी मॅडमचा लेख छापून आला, इंग्रजीत. त्यांनी एक प्रत टपालानं पाठवली. सोबत चिठ्ठी नव्हती, नमस्कारही नव्हता. माझं नाव दोन जागी होतं, दोन्ही जागी स्पेलिंग बरोबर. तालुक्यातल्या एका इंग्रजीच्या मास्तरांनी तो वाचला आणि केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत सगळ्यांना मराठीत सांगितला. मापांच्या रीतीची जागा त्यांनी गाळली, मी कारण न सांगितल्याची सविस्तर सांगितली. माझा पुरस्कार तर प्रकल्पाच्या वर्षीच गेला होता. मॅडमनी अहवाल दिल्यावर वाघचौरे बाईंनीच प्रस्ताव मागं घेतला. त्यांचंही चुकलं नाही. निवृत्त होईस्तोवर मला 'पोतं बघणारे गुरुजी' म्हणणारे लोक या तालुक्यात होते. अजूनही दोघं-तिघं असतील. मॅडम आणि मी पुन्हा कधी बोललो नाही. त्यांचा पाठ चाळीस शाळांत गेला, मापांसकट. त्या मला आवडल्या नाहीत आणि मी त्यांना. पण कामाला पक्की बाई, हे मी तेव्हाही नाकारलं नसतं.

आता राहिला तो त्या दिवशीचा तास. अकरावा दिवस, मधल्या सुट्टीनंतरचा.

मी वर्गात गेलो. पोरं उभी राहिली, बसली. मॅडम कोपऱ्यात कॅमेऱ्यामागं. फळा कोरा होता आणि मी खडू उचलला नाही. मला बोलायचं होतं, आणि इतकी वर्षं चौपन्न-चौपन्न प्रश्न विचारणाऱ्या माणसाला पहिला शब्द सापडत नव्हता.

"काल करुणानं मला काहीतरी विचारलं," मी म्हणालो. "मी तिला दटावून खाली बसवलं. तिचं काही चुकलं नव्हतं."

पोरं एकमेकांकडं बघू लागली. आता कुणाला तरी मार बसणार, असं त्यांना वाटलं असावं. मॅडमचा हात कॅमेऱ्याच्या बटणाकडं गेला.

"असू द्या चालू," मी म्हणालो. मग पोरांकडं वळलो. "हे मला येत होतं. पंधरा वर्षांपासून येतंय. तुम्ही इतके दिवस चुकत होतात, ते मी बघत होतो. मला राग होता. तुमच्यावर नव्हता. दुसऱ्यांवरचा राग होता, आणि तो मी तुमच्यावर काढला. म्हणून तुम्हाला शिकवलं नाही."

पहिल्या बाकावरच्या एकानं नाक ओढलं. मला वाटलं होतं, हे बोलून झालं की मोकळं वाटेल. तसं काही वाटलं नाही. चौतीस तोंडं माझ्याकडं बघत होती आणि त्या बघण्यात माफी नव्हती, राग नव्हता. त्यांना माझ्याकडून काय हवंय तेच मला समजेना. मी नुसताच उभा राहिलो, हात लोंबते ठेवून.

मागच्या ओळीत करुणा उभी राहिली. आजही तिनं माझ्याकडं नीट बघितलं नाही. दाराकडं, बाहेर घंटा म्हणून टांगलेल्या रुळाच्या तुकड्याकडं बघत म्हणाली,

"मग शिकवा की आता, गुरुजी. तास संपंल."